छोटा हत्ती पोसताना

ऑफिस सांभाळून वीकेंडला डेकोरेशनचा नाहीतर फर्निचरचा धंदा करणारे दोस्त एव्हाना तुमच्याही ग्रुपमध्ये असतील. त्यातला एखादा सेकंडहँड ‘छोटा हत्ती’ घेतोच. म्हणजे २००५ साली आलेली टाटा एस. गल्लीबोळात बिनधास्त घुसणारी. पण नवा मालक पहिले पैसे घालतो कुठे? रंगात आणि म्युझिक सिस्टिममध्ये!

बॉस, डेंट राहू द्या. जुन्या एसचं डिझेल इंजिन ७०२ सीसीचं, दोनच सिलिंडरचं. बॉनेट नाही, इंजिन सीटखाली, त्यामुळे कुणी उघडून बघतच नाही. ते एकदा सॉलिड तापलं की हेड वाकतं, गॅसकेट जातं आणि सीझनची कमाई मेकॅनिकच्या खिशात. टाळायचा खर्च त्यामानाने किरकोळ. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, आत क्षार धरतात, कूलंटच घाला. फुगलेला होज पाइप, सैल फॅनबेल्ट यांना उधारी नाही. काटा वर चढला की ‘पोचू कसंबसं’ म्हणायचं नाही. गाडी बाजूला घ्या, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

आरसा, टेललाइट, अगदी दरवाजासुद्धा कुर्ल्याच्या भंगारातून आणा, काही बिघडत नाही. ब्रेकचं सामान मात्र नवंच. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं हे खरं, पण भरलेली गाडी घाटात उतरते तेव्हा आरटीओचा साहेब शेजारी बसलेला नसतो.

आणि हो, महिन्यातून एकदा तरी ती सीट उचला.