भिंत फोडावी का लागली?

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांचे ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात निधन झाले, तेव्हा त्यांच्या धाडसाची कथा पुन्हा एकवार सांगितली गेली. ती सांगण्यासारखीच आहे. १९६५ च्या युद्धात खांद्यात गोळी लागली असताही त्यांनी विमान तळावर परत आणले. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई विमान पाडले गेले आणि ते युद्धकैदी झाले. १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री ग्रेवाल व हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते निसटले. अफगाण सरहद्द अवघ्या काही मैलांवर असताना त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. तेथील रेल्वे १९३२ मध्येच बंद पडली होती! संशय बळावला आणि तिघेही पकडले गेले.

परंतु शौर्याच्या या कथेत दडलेला प्रश्न कोणी विचारीत नाही. युद्ध १७ डिसेंबर १९७१ रोजी थांबले होते. लढाई संपताच कैद्यांना विनाविलंब सोडावे, असे १९४९ चा जिनिव्हा करार बजावतो. मग आठ महिन्यांनंतर या तरुणांना भिंत का फोडावी लागली? इकडे भारताच्या ताब्यात सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी होते. त्यांतील अखेरचे १९७४ मध्ये परतले. दोन्ही राजधान्यांनी माणसांना वाटाघाटींच्या तराजूतील वजने बनविले होते. परुळकर डिसेंबर १९७२ मध्ये मायदेशी आले. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे मात्र आलेच नाहीत. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनपटू दमयंती तांबे यांच्या वाट्याला दशकानुदशकांची प्रतीक्षा आली.

हा केवळ इतिहास नव्हे. बोरीवलीवरून जाणारी लोकल ज्या डहाणूला पोचते, त्या परिसरातील गरीब खलाशी पोटासाठी गुजरातच्या बोटींवर जातात. समुद्रात न दिसणारी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून ते कराचीच्या तुरुंगात पडतात. पाकिस्तानचे मच्छीमार तसेच आपल्या तुरुंगात पडतात. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्यांची देवघेव होते. शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खात्री पटल्यावर महिन्याभरात सुटका व्हावी, असेही तोच करार सांगतो. यादीचा कागद वेळेवर जातो. माणूस मात्र मागे राहतो.

वैमानिकाला निदान पदक व गौरव लाभतो. खलाशाच्या घरी चूल विझते, आणि त्याची बातमीही होत नाही. परुळकरांना खरी आदरांजली वाहावयाची असेल, तर सुटकेसाठी कोणालाच भिंत फोडावी लागू नये, अशी मागणी दोन्ही सरकारांकडे निर्धाराने केली पाहिजे.