किल्ली गेली, नाव राहिलं

शोरूममध्ये नव्या गाडीचा रंग ठरतो, ऑन-रोड किमतीची आकडेमोड होते, चहा येतो. मग विक्री प्रतिनिधी सहज सुचवावं तसं म्हणतो, "काका, जुनी आहे ना? एक्स्चेंजला टाका. बाकीचं आम्ही बघतो." या शेवटच्या तीन शब्दांवर हजारो घरगुती गाड्या हात बदलतात. त्यासाठी मोजलेली किंमत पावतीवर कुठेच दिसत नाही, त्यामुळे ती किती होती हे कुणी विचारतही नाही.

एक्स्चेंजवाल्यांचा पक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. गाडी स्वतः विकायची म्हणजे महिनाभराचे रविवार गेले. अनोळखी माणसं दारात येतात, ट्रायल मारतात, बॉनेट उघडून तोंड वाकडं करतात आणि "कळवतो" म्हणून जातात. फोनवर गाडीची चौकशी न करता थेट "फायनल किती?" विचारणारे वेगळेच. त्यात भामटेही असतात. विसार पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवायचा आणि विकणाऱ्याकडूनच पिन टाकून घ्यायचा, ही युक्ती आता जुनी झाली, तरी लोक अजून फसतात. (पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही.) शिवाय आरटीओचे हेलपाटे. त्यापेक्षा जुनी देऊन नवी घेऊन यावी. मारुतीने 'ट्रू व्हॅल्यू' सुरू केलं त्याला आता जवळपास पाव शतक झालं, तेव्हा हा व्यवहार काही आडबाजूचा राहिलेला नाही.

इथवर सगळं मान्य. खटकतो तो पुढचा निष्कर्ष, की एक्स्चेंजमध्ये भाव थोडा कमी मिळाला तरी माणूस जबाबदारीतून सुटतो.

सुटतोच असं नाही. शोरूममध्ये जुन्या मालकापुढे टीटी फॉर्मचा गठ्ठा ठेवला जातो, म्हणजे मालकी हस्तांतराचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. खरेदीदाराचा रकाना कोरा असतो आणि सह्या मात्र सगळ्या घेतल्या जातात. पुष्कळ व्यापारी गाडी स्वतःच्या नावावर करून घेत नाहीत, याचं कारण साधं आहे. आरसीवर एक नाव वाढलं की 'फर्स्ट ओनर'ची गाडी 'सेकंड ओनर'ची होते आणि भाव उतरतो. म्हणून खरा गिऱ्हाईक सापडेपर्यंत गाडी जुन्या मालकाच्याच नावावर राहते. ती यार्डात उभी राहते, ट्रायलला जाते, एका दलालाकडून दुसऱ्याकडे सरकते, दुसऱ्या जिल्ह्यातही पोचते. चलनाचा मेसेज येतो तो काकांच्या फोनवर. खासगी विक्रीत ज्याची भीती वाटत होती तेच इथे घडतं, आणि तेही कमी भाव घेऊन.

चलन ही त्यातल्या त्यात किरकोळ गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ 'मालक' म्हणतो तो ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे त्याला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. एका गृहस्थाने आपली मारुती ८०० २००७ साली विकली होती. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी हातोहात फिरली. २००९ मध्ये तिच्या अपघातात एक मुलगा दगावला. मधल्या कुणीच आरसीवर नाव बदलून घेतलं नव्हतं. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावर, म्हणजे दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळं झालो असं समजणाऱ्या त्या पहिल्या माणसावर टाकली. नोंद नसलेल्या व्यवहारांची साखळी शोधत फिरण्याचं ओझं अपघातग्रस्ताच्या डोक्यावर देता येणार नाही, हा न्यायालयाचा विचार होता आणि तो रास्तच आहे. तेव्हा पाचशेच्या स्टँपपेपरवरचा करारनामा आणि गाडी ताब्यात दिल्याची चिठ्ठी आपसातल्या भांडणात पुरावा म्हणून कामाला येईल, पण अपघातग्रस्ताच्या दाव्यापुढे ती ढाल होत नाही.

केंद्र सरकारलाही हे भोक दिसत होतं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी परिवहन खात्याचं अधिकारपत्र आलं. ते पाच वर्षांसाठी असतं. अशा अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी दिल्याची सूचना पोर्टलवर गेली की तोच तिचा मानीव मालक ठरतो आणि पुढच्या घडामोडींना तोच जबाबदार असतो. म्हणजे "बाकीचं आम्ही बघतो" याला कायद्याचा आधार मिळू शकतो, फक्त ती सूचना नोंदवलेली हवी. शोरूममध्ये रंग निवडण्याआधी विचारायचा प्रश्न हाच: अधिकारपत्र आहे का, आणि ताबा घेतल्याची पोच आज हातात मिळेल का? उत्तरादाखल नुसतं हसू आलं, तर तिथे कोऱ्या फॉर्मवर सही करू नये.

आता 'एक्स्चेंज बोनस'. तो कंपनीच्या योजनेतून येतो आणि कधीकधी चांगला घसघशीत असतो. पण त्याचा खरा आकडा कळायला एकच रस्ता आहे. एक्स्चेंजचं नावही न काढता नव्या गाडीचा भाव आधी लिहून घ्यावा आणि जुनीचा विषय मागाहून काढावा. दोन्ही सौदे एकाच कागदावर आले की एका खिशातलं दुसऱ्या खिशात कधी गेलं ते कळत नाही.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत राहणारे नातेवाईक या बाबतीत एक सल्ला हमखास देतात, की जुनी गाडी दिली की नवीवरचा कर वाचतो. तिथल्या पुष्कळ राज्यांत ते खरं आहे, कारण विक्रीकर दोन किमतींतल्या फरकावर लागतो. आपल्याकडे तसं नाही. जीएसटीच्या नियम २७ मध्ये उदाहरणच दिलं आहे: जुना फोन घेऊन नवा २०,००० रुपयांना दिला आणि एरवी त्याची किंमत २४,००० असेल, तर कर २४,००० वरच. गाडीलाही हाच न्याय.

कराचा उलटा बागुलबुवा खासगी विक्रीवरही उभा केला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांसाठी १८ टक्के दर ठरवला, आणि घरची गाडी विकली तरी आता कर भरावा लागणार अशी हाकाटी झाली. हा कर जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आहे, तोही फक्त त्याच्या नफ्याच्या फरकावर. समजा त्याने गाडी ३,५०,००० ला घेतली आणि ४,२०,००० ला विकली, तर ७०,००० वर १२,६०० रुपये. हे पैसे, डेंट-पेंट, यार्डाचं भाडं आणि त्याचा स्वतःचा नफा, सगळं त्या दोन आकड्यांमधूनच निघतं. नोकरदार शेजाऱ्याने आपली घरगुती गाडी दुसऱ्या शेजाऱ्याला विकली तर त्यावर जीएसटी शून्य. मधली रक्कम दोघांत वाटून घेता येते, हीच खासगी विक्रीची सगळ्यात भक्कम बाजू.

ती वाटून घेण्यासाठी थोडी शिस्त मात्र पाळावी लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी नसेल तर नावबदल अडतो, म्हणून ती आधी बसवावी. चलनं भरावीत, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवून घ्यावा. सर्व्हिसची बिलं ओळीने लावून ठेवावीत. मीटर फिरवलेल्या गाड्यांच्या बाजारात त्या फाईलला वजन असतं. ट्रायलला विकणाऱ्याने स्वतः शेजारी बसावं. रोख रक्कम दोन लाख किंवा त्याहून जास्त एका व्यवहारात घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, त्यामुळे पैसे बँकेतूनच घ्यावेत आणि समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर न जाता स्वतःचं खातं पाहावं. आणि नावबदलाचा अर्ज दाखल होऊन पोच मिळाल्यावरच किल्ली द्यावी. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ते काम खरेदीदाराच्या भरवशावर सोडणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.

फास्टॅग बंद करायचा असतो, हे निम्म्या लोकांना टोलचे पैसे कापले गेल्यावर आठवतं. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षं दावा केला नसेल तर तो ओन डॅमेजच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत जातो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तो नव्या गाडीला लावता येतो. गाडीबरोबर पॉलिसीही देऊन टाकणारे हे पैसे तिथेच सोडून येतात.

एक्स्चेंज कधीच करू नये असं मात्र नाही. कर्ज बरंच बाकी असेल, गाडीची पंधरा वर्षं भरत आली असतील, मोठा अपघात झालेला असेल किंवा आठवडाभरात परगावी बदली होऊन जायचं असेल, तर अधिकृत व्यापारी बरा. वडील गेले आणि गाडी त्यांच्याच नावावर असेल, तर मात्र दोन्ही वाटा तूर्त बंद असतात, कारण २९ नंबरच्या फॉर्मवर सही करायची कुणी? आधी ती वारसाच्या नावावर व्हायला हवी.

उरलेल्यांचं नुकसान करते ती घाई. दसऱ्याला नवी दारात हवी असेल तर जुनीची जाहिरात श्रावणात द्यावी लागते, आणि ती सहसा नवरात्रात दिली जाते.

ज्यांची जुनी गाडी केव्हाच गेली आहे, त्यांनी आज एवढं करावं: एम-परिवहन ॲपवर तिचा नंबर टाकून पाहावा. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं दिसतं, पण आपलं असेल तर ओळखायला तेवढं पुरतं.