जुन्या पिकअपला जादा पाटा कशासाठी?

भाजीपाला व फळांच्या काढणीचा हंगाम जवळ आला की तालुक्याच्या गावी जुन्या वाहनांच्या व्यवहारांना वेग येतो. दहा-बारा वर्षे वापरलेली पिकअप नव्या गाडीच्या तुलनेत नगण्य किमतीत मिळते आणि भाड्याच्या वाहनांची वाट पाहून कंटाळलेला शेतकरी किंवा दोघे-तिघे भाऊबंद मिळून ती घेतात. अशा खरेदीला आतबट्ट्याचा व्यवहार म्हणून हिणवण्याची रीत आहे. ती योग्य नाही. पहाटे तोडलेला टोमॅटो नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात लिलावाच्या वेळेत पोहोचला नाही, तर त्या दिवसाचा भाव हातचा जातो. ज्याचा माल नाशवंत, त्याच्या दारात वाहन असणे ही चैन म्हणता येणार नाही. २००५ मध्ये पाऊण टन क्षमतेची टाटा एस बाजारात आल्यापासून लहान मालवाहू गाडी देशभरातील खेड्यांत रुळली. आता त्या पहिल्या पिढीच्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आल्या आहेत, हे ओघाने आलेच.

आक्षेप घ्यायचा तर तो खरेदीनंतर गॅरेजमध्ये जे घडते त्यावर घ्यावा लागेल. गाडी दारात आली की सर्वप्रथम मागच्या पाट्यांत एक-दोन जादा पाटे घातले जातात, हौद्याला उंच जाळी बसते, नंतर रंग आणि जमल्यास गाण्यांची सोय. ब्रेक ‘लागतात की’ म्हणून तसेच राहतात. दुरुस्तीचा हा क्रम नेमका उलटा आहे आणि त्याची किंमत शेतकरी दोनदा मोजतो, एकदा मालात आणि एकदा जिवाच्या धोक्यात.

मालाचा विचार आधी करू. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात टोमॅटोचे काढणीपश्चात नुकसान १२.४४ टक्के आणि पेरूचे १५.८८ टक्के आढळले. हे सारेच नुकसान वाहतुकीतले नव्हे. तोडणी, प्रतवारी, साठवण यांचा वाटा त्यात आहे. तरी हादऱ्यांमुळे फळाची साल घासली जाणे, देठाची जागा दुखावणे, द्राक्षांची मणीगळ होणे ही वाहतुकीचीच देणगी असते. पाटे जितके ताठ आणि भार जितका कमी, तितकी गाडी रस्त्यावर उडते. दोन टनांसाठी ताठ केलेल्या पाट्यांवर तीस-चाळीस क्रेट ठेवले तर पाटे वाकतच नाहीत. खड्ड्याचा धक्का थेट मालापर्यंत पोहोचतो. टायरमध्ये हवाही पूर्ण भाराच्या हिशेबाने कडक भरलेली असली, तर विचारायलाच नको. सर्वाधिक हादरे मागच्या आसाच्या पाठीमागे आणि थप्पीच्या सर्वांत वरच्या क्रेटना बसतात, म्हणून नाजूक माल पुढे ठेवावा आणि वरची थप्पी दोरीने घट्ट आवळावी. झिजलेले शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याचा खर्च जादा पाट्यांच्या खर्चाहून फार मोठा नसतो; पण त्याची आठवण क्वचितच कोणाला होते, कारण गाडी त्यांच्याशिवायही चालते.

आता जिवाचा प्रश्न. अनेक पिकअपमध्ये मागील आसाजवळ एक झडप असते. गाडी भाराने किती दबली आहे हे तिला एका दांडीमार्फत कळते आणि त्यानुसार ती मागच्या चाकांच्या ब्रेकचा दाब ठरवते. जादा पाटे घातले की भरलेली गाडीही पुरेशी दबत नाही. झडपेच्या लेखी ती जवळजवळ रिकामीच असते, त्यामुळे मागच्या ब्रेकना हवा तेवढा दाब मिळत नाही आणि घाट उतरताना सारा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. काही मिस्त्री ही झडप गंजून अडकली म्हणून सरळ काढून टाकतात. मग पावसात रिकाम्या गाडीची मागची चाके जखडून ती घसरते. भार वाहण्याची ताकद वाढवण्यासाठी केलेला बदल थांबण्याची ताकद कमी करतो, ही गोष्ट गॅरेजमध्ये शेतकऱ्याला कोणी समजावून सांगत नाही.

म्हणून हातातील पैसा मर्यादित असेल तर पहिला खर्च ब्रेकवर व्हावा: व्हील सिलिंडर, लायनर, रबरी नळ्या आणि ब्रेक ऑइल. हे तेल हवेतील ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू घसरतो आणि लांबच्या उतारावर पेडल एकाएकी पोकळ लागते. त्यापाठोपाठ स्टिअरिंगचे सांधे आणि टायर. टायरच्या कडेवरील चार अंकी खूण वाचण्यास कोणी शिकवत नाही, वास्तविक ती अगदी सोपी आहे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारे झालेले असू शकते. रिमोल्ड टायर वापरायचेच असतील तर मागे वापरावेत, पुढे कदापि नव्हे.

चॅसिस हा विषय शेतीच्या गाड्यांना विशेष लागू आहे. खतांच्या गोण्या वाहिलेल्या गाडीच्या हौद्यात सांडलेले दाणे हवेतील ओलावा ओढून घेतात आणि ते क्षारयुक्त पाणी फळ्यांच्या फटींतून खाली झिरपून पत्रा व सांगाडा खाते. शेणखताच्या आणि मासळीच्या गाड्यांचीही तीच गत. नवा रंग दिलेल्या गाडीखाली शिरून, पाट्यांचे आधार जेथे चॅसिसला जोडलेले असतात तेथे हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत नाद आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा खपल्या पडल्या, तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी व्यवहार सोडून द्यावा. इंजिन दुरुस्त होते. कुजलेल्या सांगाड्यावर वेल्डिंगची ठिगळे लावून मालाची ने-आण करणे हा निव्वळ जुगार होय.

इंजिनाची परीक्षा त्या मानाने सोपी असते. चालू इंजिनाच्या तेलाचे झाकण उघडल्यावर धुराचे जोरदार झोत येत असतील तर रिंगा व बोअर झिजलेले असण्याची शक्यता मोठी. निळसर धूर तेल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर बहुधा हवेच्या फिल्टरचे किंवा इंजेक्टरचे रडगाणे असते. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्या गावच्या फिटरच्या आवाक्यातील आहेत. कॉमन रेल प्रणालीच्या गाड्यांना मात्र निदानासाठी यंत्र आणि स्वच्छ डिझेल लागते, हे घेण्यापूर्वीच लक्षात घेतलेले बरे. सुटे भाग दिल्लीच्या मायापुरीत, कोलकात्याच्या मल्लिक बाजारात किंवा चेन्नईच्या पुदुपेट्टईत स्वस्तात मिळतात हे खरे. परंतु ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग जुन्या बाजारातून घेऊ नयेत.

कागदपत्रांचे दुखणे सर्वांत उशिरा उमगते. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर गंडांतर आले आणि तिकडील वाहने इतर राज्यांत स्वस्तात येऊ लागली. अशा गाडीसाठी मूळ परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, कर्ज फिटल्याचा व बोजा उतरल्याचा पुरावा आणि थकीत दंडाची माहिती पैसे देण्यापूर्वीच तपासली पाहिजे. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाल्यावर योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, आणि पंधरा वर्षांवरील वाहनांसाठी त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळच वाढले आहे. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर पुष्कळदा एवढ्यातच असते.

जादा भाराचा मोहही कायद्याने महागात पडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशी तरतूद आहे. त्याहून गंभीर बाब मजुरांची. तोडणीला जाणारे स्त्री-पुरुष पिकअपच्या हौद्यात उभे राहून प्रवास करतात, हे दृश्य देशाच्या कोणत्याही भागात नवे नाही. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांची गोष्ट वेगळी. गाडी उलटली तर भरपाईचा बोजा मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्या नुकसानीचे तर मोजमापच नाही.

या साऱ्यात कृषी विस्तार यंत्रणेची भूमिका काय, हे विचारणे भाग आहे. बुदनी आणि हिस्सार येथे केंद्र सरकारच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहेत, कृषी विद्यापीठांत अवजारे व यंत्रे विभाग आहेत. ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, फवारणीयंत्र यांच्या देखभालीवर प्रशिक्षणे होतात. पिकअप मात्र परिवहन खात्याची बाब ठरते आणि शेतकऱ्याच्या यंत्रांच्या यादीत तिला जागा मिळत नाही. शीतवाहनासाठी अनुदान आहे. ज्या साध्या गाडीतून प्रत्यक्षात टोमॅटो, वांगी, पेरू बाजारात जातात तिच्या पाट्यांवर आणि क्रेटच्या मांडणीवर एक दिवसाचे शिबिरही सहसा होत नाही. हंगामापूर्वी कृषी विज्ञान केंद्राच्या आवारात पन्नास जुन्या गाड्यांखाली एक जाणता फिटर उतरला, प्रत्येक गाडीचे ब्रेक, टायर आणि सांगाडा पाहून मालकाच्या हाती एक कागद दिला, तर त्याला मोठी तरतूद लागणार नाही. मजुरांची ने-आण आणि विमा यांवर तेथेच अर्धा तास बोलता येईल.

तोवर गाडी घेतलेल्याने निदान एवढे तरी करावे, की जाळी उंच करण्यासाठी काढून ठेवलेले पैसे आधी ब्रेकना द्यावेत. रंग पावसाळ्यानंतर दिला तरी चालतो; हौद्याच्या तळाचा गंज मात्र पहिल्या पावसाआधी खरवडून काढावा लागतो.