'मंग समोर काय झालं?'

विद्यापीठात शिकवणाऱ्या माणसाचं लिहिणं थांबलं, की 'टाळाटाळ करतोय' असं सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या सततच्या, न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. खुणा तीन: शक्ती संपणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. या अवस्थेत कोण लिहिणार?

इथे ब्रिटनमध्ये दर काही वर्षांनी विद्यापीठांच्या संशोधनाची अधिकृत मोजदाद होते. २०१४ मध्ये झाली, २०२१ मध्ये झाली. लेखांना एक ते चार तारे मिळतात आणि इंग्लंडमध्ये निधी वाटताना तीन-चार ताऱ्यांचंच काम धरलं जातं. हळूहळू माणूस वाचकासाठी नाही, ताऱ्यांसाठी लिहू लागतो.

मी आर्थिक इतिहास शिकवते. मधली दोन वर्षं एक परिच्छेद झाला नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रजा घेतली, मग काही महिने अर्धवेळ काम केलं. त्याने झोप परत आली, लिहिणं नाही. ते आलं हिंगणघाटच्या मावशीमुळे. तू नेमकं लिहितेस तरी काय, असं तिने विचारलं म्हणून व्हॉट्सॲपवर मराठीत लिहून पाठवलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि व्यापाऱ्यांची नजर आपल्याकडच्या कापसाकडे वळली. लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे कापसाचंच नाव होतं!

मावशीचं उत्तर आलं, "मंग समोर काय झालं?" आमच्याकडे समोर म्हणजे पुढे. पुढे वाईटच झालं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत बँका बुडाल्या. ते तिला सांगता सांगता दोन पानं कधी झाली कळलं नाही. त्यातूनच नंतर इंग्रजी लेख उभा राहिला.

मराठीत लिहिलं की सगळं बरं होतं, असं मी म्हणत नाही. विश्रांती आधी, कामाचे तास कमी होणं आधी. ते विद्यापीठानेच करायला हवं. पण त्यानंतर शिस्तीचे धडे, रोजचे हजार शब्द, यांचा फारसा उपयोग नसतो. कुणीतरी ऐकायला बसलेलं लागतं. परीक्षक सिद्धांत कुठला, संदर्भ कुठले हे विचारतात, आणि ते विचारायलाच हवं. 'पुढे काय झालं' हे मात्र आपलं माणूसच विचारतं.

म्हणून मायदेशी असलेल्यांना एक विनंती. तुमची मुलगी, भाचा, सून इकडे संशोधन करत असेल तर 'पेपर किती झाले?', 'पर्मनंट कधी होणार?' हे या रविवारी राहू द्या. कशावर काम चाललंय ते मराठीत सांगायला लावा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. कंटाळा आला तर तसंही सांगा. तारे देणाऱ्यांपेक्षा ते बरं!