वर्कस्टेशन लॅपटॉप घेताय? आधी स्क्रीन आणि वायफाय तपासा

माझी मामेबहीण घरूनच लग्नाचे अल्बम डिझाइन करते. साठवलेल्या पैशांतून तिने वर्कस्टेशन लॅपटॉप घेतला. प्रोसेसर दमदार, रॅम भरपूर. पण पहिलाच अल्बम छापून आला आणि नवरीचा डाळिंबी शालू भलत्याच रंगाचा निघाला! तिला तो स्वखर्चाने पुन्हा छापावा लागला. स्क्रीन खरे रंग दाखवतच नव्हती.

बऱ्याच वर्कस्टेशनमध्ये रॅम नंतर वाढवता येते, स्क्रीन बदलणं मात्र महागात पडतं. म्हणून खरेदीआधीच या गोष्टी बघा.

स्क्रीन : आयपीएस पॅनल घ्या, बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. माहितीपत्रकात '४५% एनटीएससी' लिहिलं असेल तर फोटोच्या कामासाठी ती स्क्रीन टाळा. त्याऐवजी '१००% एसआरजीबी' शोधा. ब्राइटनेस किमान ३०० निट्स हवा, खिडकीजवळ बसत असाल तर ४००. मॅट स्क्रीनवर दिव्यांचं प्रतिबिंब कमी पडतं.

वायफाय : वायफाय ६ किंवा ६ई असलेलं मॉडेल निवडा, पण राउटर जुना असेल तर त्याचा पूर्ण फायदा मिळणार नाही. ५ गीगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो, मात्र भिंतींमुळे लवकर क्षीण होतो. मोठ्या फाइल्स पाठवत असाल तर लॅन पोर्ट आहे का, हेही विचारा.

दुकानात जाताना ओळखीचा एखादा फोटो पेनड्राइव्हमध्ये न्या आणि दोन-तीन लॅपटॉपवर उघडून बघा. फरक तुम्हालाच दिसेल.