गृहयंत्रविद्या : फिरता स्विच निवडतांना

घरच्या घरीं ॲम्प्लिफायर बांधूं पाहणाऱ्या तरुणांचें लक्ष बहुधा व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर व ट्रान्स्फॉर्मर यांवरच खिळलेलें असतें. ज्या फिरत्या स्विचास आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचा हात दिवसांतून दहादां लागावयाचा, तो मात्र दुकानदार पुढें करील तो घेतला जातो. हें उचित नव्हे.

प्रथम पोल व घरें यांचा हिशेब करावा. सामान्य स्विचास वर्तुळांत बारा घरें, म्हणजे दर टप्प्यास ३० अंशांचें वळण असतें. तींच वांटून ‘एक पोल बारा वे’, ‘दोन पोल सहा वे’, ‘चार पोल तीन वे’ असे प्रकार होतात. स्टीरिओस डावा व उजवा असे दोन पोल लागतात. तेव्हां रेकॉर्ड-प्लेअर, रेडिओ, टेलिव्हिजन व मोबाइल एवढ्यांस दोन पोल सहा वे पुरे. उरलेलीं घरें अडविण्यासाठीं पुष्कळ स्विचांच्या दांडीवर जिभेची चकती असते, ती योग्य भोंकांत बसवावी.

परंतु खरा प्रश्न पुढेंच आहे. एका घरांतून दुसऱ्या घरांत जातांना मधल्या क्षणीं स्विच काय करतो? एका जातींत जुना स्पर्श सुटण्यापूर्वीं नवा जुळतो. दुसरींत जुना आधीं सुटतो. रेडिओ, मोबाइल इत्यादींतून एक निवडावयाचें असेल तर दुसरी जात घ्यावी. नाहीं तर क्षणभर दोहोंच्या तारा एकमेकींस भिडतात. उलट, रोधकांची माळ लावून टप्प्याटप्प्यानें आवाज कमीजास्त करणाऱ्या स्विचास पहिलीच जात पाहिजे. तेथें मार्ग मध्येंच तुटला कीं स्पीकरांतून ‘फट्’ असा धक्का उठतो. आवाज मोठा असल्यास तो स्पीकरास बाधतो. आणि शेजारच्या खोलींत निजलेलें तान्हें मूल जागें होतें तें निराळेंच!

हा भेद दुकानदारास ठाऊक असतोच असें नाहीं. सबब लॅमिंग्टन रोडवर जातांना मल्टिमीटर बरोबर असावा. एकाच पोलाच्या दोन लगतच्या घरांस त्याचीं टोंकें लावून दांडी बोटांत घट्ट धरून अगदीं हळू फिरवावी. मध्यें शिट्टी वाजली तर पहिली जात, न वाजली तर दुसरी.

स्पर्शांचा धातुही पाहावा. देवघरांतील चांदीचीं उपकरणीं काळवंडतात, तसेच हवेंतील गंधकानें चांदीचे स्पर्शही काळवंडतात. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा विद्युत्संदेश अवघ्या कांहीं मिलिव्होल्टांचा; त्याला हें पटल भेदवत नाहीं. अशा ठिकाणीं सोन्याचा मुलामा सार्थकीं लागतो. स्पीकरच्या मार्गांत मात्र जाड चांदीच बरी, कारण तेथील मोठ्या प्रवाहापुढें पातळ मुलामा टिकत नाहीं. घरच्या विजेची मुख्य तार असल्या नाजूक स्विचांतून कधींच नेऊं नये.

दांडी दुकानांतच मोजावी. ती कोठें ६ मि.मी., तर कोठें पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी. असते. सहाचा नॉब पाव इंचाच्या दांडीवर चढत नाहीं, आणि पाव इंचाचा सहाच्या दांडीवर डगमगतो.