हुकलेल्या अपघातांची वही

खरिपाच्या फवारण्या सुरू झाल्या की ड्रोन उडवणाऱ्या रिमोट पायलटांचे आमच्याकडे फोन वाढतात. चौकशी बहुधा नोझलची, बॅटरीची, नाहीतर अनुदानाची. बोलता बोलता कोणी सांगतो, 'परवा विजेची तार थोडक्यात चुकली', 'औषध वाऱ्याने शेजारच्या तुतीत गेलं', आणि लगेच म्हणतो, 'पण हे छापू नका हं.' या वेळी लिहायचे आहे ते या 'छापू नका'बद्दलच.

पिकावरून उडणे हे विमानाचे जुने काम. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉयजवळ 1921 च्या ऑगस्टमध्ये जॉन मॅकरेडी या लष्करी वैमानिकाने कटाल्पाच्या झाडांवर शिशाच्या आर्सेनेटची धुरळणी केली. आजची बलाढ्य डेल्टा एअरलाइन्स मुळात कपाशीची कीड मारायला निघालेल्या कंपनीतून उभी राहिली. ड्रोनने फवारणारे आपण त्या घराण्यातलेच. विमानविद्येचे भवितव्य म्हणून गाजलेल्या उडत्या टॅक्सी बनवणाऱ्यांपैकी जर्मनीच्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोन कंपन्यांनी 2024 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे मात्र सोयाबीन-कपाशीच्या दोन-तीन मीटर वरून रोज उड्डाणे होत आहेत, आणि 'नमो ड्रोन दीदी'त 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे केंद्राने 2023 मध्ये ठरवले. उद्याचे आकाश बघायला फार वर मान करायची गरज नाही.

यंत्र आपण घेतले, प्रमाणपत्रही घेतले. वैमानिकांची एक सवय मात्र घ्यायची राहिली: हुकलेला अपघात सांगण्याची.

1 डिसेंबर 1974 रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचे 514 क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे उतरत असताना व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळले. 92 जण गेले, कोणीही वाचले नाही. चौकशीत निघाले ते अधिक अस्वस्थ करणारे होते: उतरण्याच्या तशाच सूचनेचा तसाच अर्थ लावून युनायटेड या दुसऱ्या कंपनीचे एक विमान साधारण सहा आठवड्यांपूर्वी त्याच डोंगरावरून थोडक्यात बचावले होते. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केले. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ती गोष्ट पोचलीच नाही. त्यानंतर, 1976 मध्ये, वैमानिकांनी असे प्रसंग निर्धास्तपणे कळवावेत म्हणून व्यवस्था उभी राहिली. ती चालवायला दिली नासाकडे, कारण परवाना रद्द करण्याचा अधिकार असलेल्या खात्याला कोणी मनमोकळे लिहिले नसते.

आपल्या 2021 च्या ड्रोन नियमांत अपघात 48 तासांच्या आत डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन मंचावरून डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, कळवण्याचे बंधन आहे. ते झालेल्या अपघातापुरते. हुकलेला अपघात बांधावरच्या गप्पांत विरून जातो.

आणि आपल्या धंद्यात हुकण्यासारखे पुष्कळ आहे. पाठीवरच्या पंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी जाते, ड्रोनने आठ-दहा लिटर. म्हणजे द्रावण तितक्याच पटीने तीव्र. थेंब बारीक, वर पंख्यांचा झोत, त्यात वारा सुटला की औषध बांध ओळखत नाही. जालना-बीडकडे तुतीवर कीटकनाशकाचा अंश पडला तर पाने खाणारे रेशीम कीटक मरतात, शेजाऱ्याची अख्खी बॅच जाते. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. मजुराच्या अंगावर येणारे विष टळावे, हेच तर ड्रोनच्या बाजूने आपण सगळीकडे सांगत असतो. पण बॅटरी बदलणारा आणि टाकी भरणारा पोऱ्या हातमोज्यांशिवाय असेल, तर ते विष फक्त एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेले.

मोबदला एकरी मिळतो, ही खरी अडचण. वारा वाढला म्हणून ड्रोन खाली ठेवला तर तेवढी कमाई बुडते, आणि शेतकरी 'कालचा ड्रोनवाला मारून गेला' म्हणून ऐकवतो ते वेगळेच. थांबण्याचा निर्णय रिमोट धरणाऱ्याचा, हे ड्रोन सेवा केंद्राच्या चालकांनी गिऱ्हाइकासमोर म्हणायला हवे. एकट्या पोराला ते जड जाते.

पुढच्या अंकापासून एक पान या प्रसंगांसाठी राखले आहे. नाव, गाव, ड्रोनची कंपनी काहीही छापणार नाही. पीक, उंची, नोझल, औषधाचा गट, बॅटरी किती उरली होती, तारा कुठून जात होत्या, आणि कशामुळे वाचलात, एवढे लिहा. प्रत्यक्ष अपघात झाला असेल तर आधी डिजिटल स्कायवर कळवा. आमचे पान त्याला पर्याय नाही. वाऱ्याचा वेग मोजला नसेल तर तसेच लिहा, अंदाजे आकडा टाकू नका.